चार पाऊण तीन

प्रिय ईरा,

परवा संकष्टीला तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. तू जेवून उठली होतीस आणि मी थांबलो होतो, कारण इथे ॲबरडीनला जुलैत चतुर्थीचा चंद्र रात्री अकरा वाजून गेल्यावर उगवतो. आदल्याच आठवड्यात आपण ऑर्कनी बेटांवर जाऊन भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणारं टर्बाइन बघून आलो होतो. तू म्हणालीस, "बाबा, ते टर्बाइनसुद्धा चंद्राच्या वेळेप्रमाणेच चालतं. पण त्यातून वीज मिळते. तू वाट बघतोस त्यातून काय मिळतं?"

तू चिडवायला विचारलं नव्हतंस. तरी मला लागलं. मी "झोप आता" एवढंच म्हणालो, ते चुकलं. म्हणून लिहितोय.

आपल्या हॉलमधल्या फोटोत नऊवारी नेसलेली जी आहे, ती माई, माझी आजी. पंचवटीतल्या घरी संकष्टीला ती दिवसभर चहा आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी एवढ्यावर असायची. संध्याकाळी मोदक झाले, आरती झाली की तबक घेऊन ती गच्चीवर जायची. निरांजन, अक्षता, दूर्वा. आम्ही मुलं कठड्याशी उभे. चंद्र तपोवनाच्या अंगाने वर यायचा, आणि ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने जिन्यातून ओरडत खाली जायचं हा आमचा मान. खालून नाना विचारत राहायचे, "उगवला का?" सुमाआत्याला एकदा विजेचा दिवा चंद्र वाटला होता, ते अजून तिला ऐकावं लागतं.

भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या दिवसाच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असायची. श्रावणात ढग हटायचेच नाहीत. मग माई छापलेल्या वेळेपर्यंत थांबायची, वेळ झाली की ढगाकडेच बघून ओवाळायची आणि म्हणायची, "आलाय तो, चला ताटं घ्या." मला ते फार विचित्र वाटायचं. न दिसणाऱ्याला कसं ओवाळायचं?

आता डहाणूची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. नाशिकला आम्हाला गंगा माहीत. गोदावरी म्हणायचं ते पुस्तकात, घरात कायम गंगाच. पाणी किती चढलं ते आम्ही रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगायचो, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत. ही नदी त्र्यंबकला उगम पावते, तिथून अरबी समुद्र साधारण ८० किलोमीटर, पण ती पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या घाटावरून गेलेलं पाणी परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही एसटीने जव्हारमार्गे मावशीकडे डहाणूला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी धावत किनाऱ्यावर गेलो तर समुद्र नाही! नुसती ओली वाळू, आणि पाणी कुठेतरी लांब. मला रडू आलं. मावशीचे यजमान, दत्ताकाका, मागून आले. म्हणाले, "आज तिथी काय?" मी म्हटलं, संकष्टी. मला माहीतच होतं, माईचा उपास होता. काका म्हणाले, "म्हणजे चतुर्थी. पाऊणकी येते ना? चार पाऊण?" मी म्हटलं, तीन. "मग तीनला ये."

मच्छीमारांकडून ते हे गणित शिकले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि पाणीही तेव्हाच सगळ्यात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला कमी, त्याला भांगाची भरती म्हणतात. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते, त्यामुळे ही पाऊणकी इथे ॲबरडीनला लागू पडत नाही, मी करून पाहिली आहे.

तीनला गेलो तर पाणी थेट सुरूच्या झाडांच्या जवळ आलं होतं. मी वर पाहिलं. चंद्र नव्हता. तो रात्री उगवणार होता, त्याच्यासाठी नाशिकला माई उपाशी होती. न उगवलेला चंद्र आणि भरलेला समुद्र! पुढे कॉलेजात शिकलो की समुद्र चंद्राच्या बाजूला फुगतो तसा बरोबर उलट्या बाजूलाही फुगतो, म्हणून दिवसाला दोन भरत्या. पण मला ते कळलं त्या दुपारी, आणि ढगाला ओवाळणाऱ्या माईचं विचित्र वाटणंही तिथेच संपलं.

ऑर्कनीतल्या इडे बेटाच्या किनाऱ्यावर आपण टर्बाइन बघत उभे होतो तेव्हा हेच डोक्यात होतं, म्हणून मी गप्प होतो. तुला वाटलं मला थंडी वाजतेय. ओ-टू हे ते तरंगतं यंत्र, ७४ मीटर लांब, पाण्याखाली २० मीटर व्यासाची दोन चक्रं, मिळून २ मेगावॉट. २०२१ पासून तिथे आहे. पाणी हवेच्या आठशे पटींहून जड, म्हणून हळू वाहणारा प्रवाहही एवढं मोठं पातं फिरवतो. आणि प्रवाह उलटायच्या आधी पाणी थोडा वेळ निपचित होतं, दिवसातून चार वेळा, तेव्हा चक्रं थांबतात. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. वारा उद्या किती असेल ते नीट सांगता येत नाही. भरती मात्र कित्येक वर्षं आधी मांडता येते, कालनिर्णयमधल्या चंद्रोदयासारखी.

सगळंच छान आहे असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये राँस नदीच्या मुखावर भिंत घालून १९६६ मध्ये २४० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं, ते आजही चालतं. पण बांधताना काही वर्षं समुद्राचं पाणीच अडवलं होतं, आणि त्या खाडीतलं जीवन जवळजवळ संपलं. नंतर परतलं, पण वेगळं होऊन. आपल्याकडे खंभातच्या आखातात ७००० मेगावॉट मिळू शकतील असा अंदाज आहे, आणि अजून एकही केंद्र नाही. खर्च फार, हे कारण खरं आहे. तिथे भिंत घालू नये, इथल्यासारखी चक्रं पाण्यात सोडावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझा प्रश्न. माईला शेवटची काही वर्षं साखरेचा त्रास होता. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं होतं, तिने तो सोडला नाही. एका रात्री चंद्र साडेनऊनंतर होता आणि तिचे हात थरथरत होते. मी तिच्यावर ओरडलो, "चंद्राला काय पडलंय तुझं?" ती काही बोलली नाही. माझ्या आईने, तुझ्या आजीने, नंतर संकष्टी सोडली ती त्यामुळेच, आणि तिने बरोबर केलं. म्हणजे तू जे शांतपणे विचारलंस ते मी ओरडून विचारलं होतं.

वीज मिळत नाही, ईरा. पुण्य मिळतं का, ते मला सांगता येणार नाही. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात फार एकटं वाटायचं, तेव्हा मी ही संकष्टी सुरू केली. खिडकीत उभा राहिलो की जिन्यातून कुणीतरी ओरडत येईल असं वाटतं. तुला तसं वाटायचं काही कारण नाही. तुझा जिना हा नव्हे.

पुढच्या चतुर्थीला तू नेहमीसारखी सातला जेव, पास्ता केला तरी चालेल. मोदक मी झाकून ठेवीन. आणि पाऊणकी शिकायची असेल तर सांग, ती पंधरापर्यंत मला अजून येते.

तुझा,
बाबा