व्हायकिंग काळातल्या पत्त्यांवर विणलेल्या पट्ट्या कोल्हापुरात घरच्या घरी कशा विणाव्यात? माग घ्यावा लागेल का?

माग लागत नाही. इथले पत्ते म्हणजे चार कोपऱ्यांत भोकं असलेले चौकोन: प्रत्येक भोकातून एक उभा धागा ओवायचा आणि पत्ते फिरवत विणायचं. दोन ठिकाणी ताण धरता आला की झालं: एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं तुमच्या कमरेच्या पट्ट्याला. पण एकदम ओसेबर्गच्या पट्टीपासून सुरुवात करू नका. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाज-दफनात (इ.स. 834) अर्धवट विणकामासकट 52 लाकडी पत्ते सापडले, म्हणजे बरोबर एक कॅट! त्यांत 208 धागे झाले. आधी 16 पत्ते घ्या. स्वीडनमधल्या बिर्काच्या चांदीच्या तारेच्या पट्ट्या तर आणखी पुढच्या. तिथे नक्षी पत्ते फिरवून नाही, वरून घातलेल्या तारेने उठते.

खेळायचा प्लॅस्टिकचा कॅट आणा. पत्ता कापून 63 मिमीचा चौकोन करा, चारही कोपऱ्यांत कडेपासून 1 सेमीवर पंचने भोकं पाडा आणि सगळ्यांवर एकाच क्रमाने अ, ब, क, ड लिहा. भोकाची कड खरखरीत राहिली तर धागा पिंजतो, म्हणून बारीक पॉलिश पेपरने घासा.

सुताला क्रोशाचं मर्सराइज्ड सूत उत्तम. इचलकरंजीचं कोनावरचं सूत स्वस्त, पण एकेरी फार बारीक. तीन-चार पदर एकत्र पीळ देऊन वापरा. ॲक्रिलिक नको, ताणलं की रबरासारखं वाढतं. अडीच मीटरचे 64 धागे, म्हणजे 160 मीटर सूत लागेल. शेवटचा अर्धा मीटर विणता येत नाही, तो हिशेबात धरा.

बहुतेकांचं घोडं ओवण्यात अडतं. पहिल्या पत्त्यात चारही धागे डाव्या अंगाने आत घाला, पुढच्यात उजव्या अंगाने, असं आलटून पालटून. सगळे एकाच अंगाने ओवले तर पट्टी स्क्रूसारखी स्वतःभोवती वळते आणि इस्त्रीनेही सरळ होत नाही. तिरकी रेघ पायऱ्यांसारखी तुटक दिसली, तर त्या पत्त्याचा कल रेघेच्या उलट आहे. तो पत्ता उभ्या अक्षाभोवती उलटा करा.

आता फिरवा: पाव फेरा, आडवा धागा, लाकडी पट्टीने ठोका, पुन्हा पाव फेरा. आडवा धागा काठाच्याच रंगाचा घ्या, म्हणजे कडेला दिसत नाही. तो ओढायची घाई करू नका. छोटा फास बाहेर ठेवा, पुढचा पाव फेरा झाल्यावर ओढा. रुंदी त्यानेच सारखी राहते.

एकाच दिशेने फिरवत राहिलात की पत्त्यांच्या मागे पीळ साठतो, आडवा धागा घालायची फट उघडेनाशी होते. उलट फिरवलं तर पीळ उतरतो, पण नक्षीही उलटते आणि वळणाच्या जागी धागे सैल लांब दिसतात. ते नको असेल तर मागची गाठ सोडून पीळ विंचरून काढा, किंवा गळाच्या दुकानातली फिरकी प्रत्येक पत्त्यामागे लावा.

हात बसल्यावर लोकरीकडे वळा. घोंगडीची लोकर केसाळ, त्यामुळे शेजारचे धागे एकमेकांना धरून बसतात. दोन पदरी करून घोंगडी विणणारे लावतात तशी चिंचोक्याची पातळ खळ ताण्याला (उभ्या धाग्यांना) लावा आणि ताणूनच वाळवा. विणून झाल्यावर कोमट पाण्यात खळ उतरते. चोळू मात्र नका, लोकर आटते.