बेस गिटार विकायला काढलीस म्हणून

प्रिय लेकरा,

अनेक आशीर्वाद. तू घडवलेल्या बेस गिटारचे फोटो पाहिले. सागाची बॉडी, शिसमाचा फिंगरबोर्ड, हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, कोरलेलं तुझं आद्याक्षर. देखणा झालाय बेस. किंमत किती सांगू, असं विचारतोस.

फोटोंसोबत तू पाठवलेला कामाच्या तासांचा हिशोब जपून ठेव, पण गिऱ्हाइकाला दाखवू नकोस. माझ्या दुसऱ्या बेसची किंमत मी अशीच तास मोजून 95,000 सांगितली होती. दोन वर्षं भिंतीला टांगून राहिला. येणारा ‘वा, काय काम आहे!’ म्हणायचा, चहा प्यायचा आणि निघायचा. शेवटी 40,000 ला गेला. तेवढ्याच पैशांत लोकांना कंपनीचा चांगला बेस मिळतो, आणि उद्या तो विकायचा म्हटलं तर ओळखीचं नाव असतं. मिरजेच्या सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे पिढ्यानपिढ्यांचं काम आहे. आपल्या नावाला तो भाव यायचाय. सामानाचा खर्च धर, त्यावर पोटापुरतं धर, बस.

आता घेणारा कोण? आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाले, भीमगीतांचे आणि कव्वालीचे संच, जालना-संभाजीनगरच्या चर्चमधली पोरं. 14 एप्रिलच्या मागचे-पुढचे दिवस म्हणजे त्यातल्या कित्येकांची सुगी. त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत गाठ. ऐन एप्रिलात कुणी हातातलं वाद्य बदलत नाही.

ही माणसं चार-चार तास उभ्यानं वाजवतात. त्यामुळे लाकडाची जात ते नंतर विचारतील, आधी वजन विचारतील. साग जडच. किराणा दुकानातल्या काट्यावर बेस ठेवून खरा आकडा लिहून घे. मग पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोड. हेडस्टॉक खाली गेलं तर डाव्या हाताला रात्रभर ते उचलून धरावं लागणार. तसं होत असेल तर आधीच सांग. आणि स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, 35 इंची केलंस तेही सांग. लिओ फेंडरनं 1951 मध्ये बाजारात आणलेला बेस 34 इंची होता, आजही बहुतेकांचा हात त्याच मापाला सरावलेला आहे. एका इंचाचा फरक पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर, बोटं ताणली की लगेच कळतो.

उन्हाळ्याचं मात्र नीट ऐक, इथं मी तोंडावर आपटलोय. पावसाळ्यात घडवलेला एक बेस नांदेडच्या एका वादकाला दिला. मे महिन्यात तो परत घेऊन आला. काही न बोलता माझं बोट धरलं आणि नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरून फिरवलं. बोट चिरलं. लाकूड ओलसर होतं. कोरड्या उन्हात ते आकसलं, फ्रेटची धातूची टोकं होती तिथंच राहिली आणि करवतीच्या दातांसारखी बाहेर आली. मी टोकं घासून दिली, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा फिरवला, पैसे घेतले नाहीत. पुढं त्यानंच दोन गिऱ्हाइकं आणली, पण ती दुपार विसरत नाही. तेव्हा तुझा बेस एक उन्हाळा घरात काढू दे. तेवढा धीर नसेल तर निदान लिहून दे की पहिल्या वर्षाचं सेटिंग फुकट.

मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवतोयस, तो नको. जाड ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झच्या आसपास; मोबाइलचा इवलासा स्पीकर तो वाजवतच नाही. ऐकणाऱ्याला नुसती टकटक पोचते. ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या डबीतून, थेट रेकॉर्ड कर आणि हेडफोन लावून ऐका असं सांग. त्यापेक्षा बेस पाठीला लाव, एसटी पकड आणि त्यांच्या सरावाला जा. बेस हातात दे आणि गप्प बस. ‘हा जॉइंट मी हातानं तासलाय’ वगैरे मधे बोलू नकोस. मी बोलायचो.

ट्रॅव्हल्सनं पार्सल पाठवायची वेळ आलीच तर तारा सैल कर, चार स्क्रू काढून नेक वेगळी गुंडाळ. चार तारा मिळून 70-80 किलोचा ताण देतात, त्यात धक्का बसला की हेडस्टॉक गेलंच. मात्र पलीकडे नेक जोडून सेटिंग करणारा माणूस आहे का, ते आधी विचार.

वजन किती भरलं ते कळव.

तुझा,
काका