दात परत रुजतो का?

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा. गेल्या रविवारी कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळताना त्याला कोणाचं तरी कोपर लागलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट निघाला. मोठ्या भावाने तो रुमालात गुंडाळून घरी आणला, त्यात वीसेक मिनिटं गेली. सासूबाई म्हणाल्या आडसराच्या (शहाळ्याच्या) पाण्यात ठेव. मी दुधात ठेवला. तासाभरात डॉक्टरांनी दात बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधला. आता दुखत नाही, तरी पुढच्या आठवड्यात रूट कॅनल करायचं म्हणतात. दुखत नसताना नस का काढायची? आणि दात रुजेल ना?
— एक आई, डिचोली

उत्तर : दूध घेतलंत, फार बरं केलंत. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. दोहोंच्या मध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो. दात उपटला की तो फाटतो, अर्धा हाडाकडे राहतो, अर्धा मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरच्या या पेशी जगल्या तर सगळं जमतं. हवेत त्या सुकून मरतात, नळाच्या पाण्यात फुगून फुटतात. दुधातल्या क्षारांचं प्रमाण त्यांना मानवतं. आडसराचं पाणी आम्लधर्मी, म्हणून मी दूधच सांगते. डेन्मार्कच्या आंद्रेआसेन आणि योर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ मध्ये परत बसवलेल्या ११० दातांची नोंद मांडली. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या बहुतेक दातांची मुळं शाबूत राहिली. दोन तासांहून अधिक बाहेर राहिलेल्या जवळजवळ सगळ्यांची झिजली. तुमच्या मुलाचा दात कोरडा राहिला तो वीसच मिनिटं.

आत आता काम चालू आहे. फटीत रक्ताची गुठळी धरते, तिच्यातून फायब्रोब्लास्ट पेशी दोन्हीकडचे तुटलेले तंतू सांधत जातात. आठवड्याभरात हिरडी चिकटते आणि दोन आठवड्यांत तंतू बऱ्यापैकी जुळतात. तार तेवढेच दिवस, आणि तीही बारीक, कारण चावताना दात किंचित हलला तर तंतू नीट जुळतात. मुळावर कुठे खरचटलं असेल तिथे सिमेंटोब्लास्ट पेशी नवा थर चढवतात.

‘रुजेल ना’ या शब्दाशी मात्र मी अडखळले. माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा असताना विहिरीच्या चिऱ्यांच्या पायरीवर पडला. आईने दात घासून पुसून कागदात बांधला, आणि बसने पणजीला पोचेपर्यंत दोन तास उलटले. दात बसला, इतका घट्ट की घरात सगळे खूश. पण पडद्याच्या पेशी मेल्या होत्या. अशा वेळी हाड थेट मुळाला येऊन चिकटतं, मग हाड सतत मोडून नवं करणाऱ्या पेशी मुळालाही हाडच समजून कुरतडतात आणि त्याजागी हाड भरतात. जबडा वाढला, शेजारचे दात खाली उतरले, याचा तिथेच थांबला. सतराव्या वर्षी भाकरी खाताना तो मोडला. म्हणून दगडासारखा घट्ट दात मला नको असतो. थोडी लवचीक हालचाल हवी.

आता नस. १२ व्या वर्षी या दाताच्या मुळाचं टोक बंद झालेलं असतं. तुटलेल्या रक्तवाहिन्या त्या बारीक भोकातून परत जुळत नाहीत, आतला गर, म्हणजे तुम्ही म्हणता ती नस, मरतो. दुखत नाही ते त्यामुळेच. मेलेल्या गरात जंतू शिरले की त्यांचं विष मुळातल्या सूक्ष्म नळ्यांतून बाहेर झिरपतं, आणि मूळ खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. ही झीज वेगाने होते, महिन्यांत मूळ संपवू शकते. रूट कॅनल वेळेत केलं तर ती टळते. दोन आठवड्यांच्या आत करा, पुढे ढकलू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाचं टोक उघडं असतं, तिथे आम्ही वाट पाहतो. तुमच्या मुलासाठी तसं नाही.

दोन आठवडे पेज, मऊ भात, मऊ ब्रश, फुटबॉल बंद. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, डॉक्टरांना विचारा. तार काढल्यावर, दात बसवल्यापासून चौथ्या आठवड्याला, तिसऱ्या, सहाव्या महिन्याला, वर्षाने आणि पुढे निदान पाच वर्षं दरवर्षी एक्स-रे काढून घ्या. तपासताना डॉक्टर दातावर हलकेच टकटक करतील. शेजारच्या दातांपेक्षा आवाज खणखणीत, धातूसारखा आला, तर ती हाड मुळाला चिकटल्याची खूण, लगेच पुढचं बोलायला हवं.
— दंतवैद्य, म्हापसा