मोर्शीकडे मिरचीला मल्चिंग (वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद) होतं, ते काढलं. मातीत मायक्रोप्लास्टिक, म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे तुकडे, राहिलं का, हे घरी कसं ओळखायचं?

1 ते 5 मिलिमीटरचे तुकडे घरी सापडतात; त्याहून बारीक कण प्रयोगशाळेतच कळतात. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, नत्र, स्फुरद, पालाश निघतं, प्लास्टिक नाही. घरची युक्ती घनतेवर चालते: मल्चिंग आणि ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या, पाण्याहून हलक्या, मातीचे कण अडीचपटीहून जड. वरच्या 15 सेंटीमीटरमधली माती स्टीलच्या डब्यात घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. आपली काळी माती चिकट, ढेकळात तुकडे दाबून धरते. म्हणून रात्रभर भिजवून हाताने पूर्ण मोडा. इथे घाई केली की काहीच वर येत नाही. मग लिटरभर पाण्यात 350 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात हा चिखल ढवळा, काही तास निवळू द्या, तरंगेल ते पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. त्यात मुळं, काडीकचराही येतो, म्हणून तापलेली सुई टेकवा: पॉलिथिन वितळून आकसतं, मूळ करपतं. पीव्हीसी पाइपचे कण मात्र या पाण्यातही बुडतात, त्यामुळे काही सापडलं नाही म्हणून माती स्वच्छ आहे असं धरू नका. आणि उरलेलं खारं पाणी वावरात ओतू नका.