नाईट ड्युटीच्या आठवड्यात जर्मन

प्रिय सिस्टर,

पाडव्याला बचत, पळणं आणि जर्मन असे तीन संकल्प केलेस, तीन आठवड्यांत तिन्ही बंद पडले, आणि आता लिहितेस की "माझ्यात इच्छाशक्तीच नाही." अख्खी रात्र जागून चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळणारीनं हे लिहावं म्हणजे कमाल आहे. इच्छाशक्तीचं नंतर बघू. तुझे तिन्ही संकल्प कागदावरच तोट्यात होते, ते आधी बघू.

सगळ्यात सोपा आधी निकालात काढते. दरमहा पाच हजार बाजूला टाकायला प्रेरणा लागतच नाही. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत वळती व्हावी, अशी सूचना बँकेत एकदा देऊन ये. पाच नको, तीन हजारांनी सुरू कर. घरात एखादं लग्न निघालं की पाचचा हप्ता मोडतो, तीनचा टिकतो. जे एकदाच ठरवून कायमचं लागू होतं, त्यावर रोज मन झिजवायचं नाही.

दुसरा संकल्प पळण्याचा. तो पुढे ढकल. इथं लोक कूलरमध्ये नवा वाळा भरायला लागलेत आणि तू पळायला सुरुवात करते आहेस! मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळतो, डांबर रात्री उशिरापर्यंत गरम असतं, त्यात तुझ्या पाळ्या बदलत्या. अशा दिवसांत नवं शरीरकष्टाचं काम सुरू केलं की ते अर्ध्यात सुटतं आणि नाव मात्र मनाच्या दुबळेपणाचं होतं. सध्या आठवड्यातून तीन दिवस, ऊन चढायच्या आधी, फुटाळा किंवा अंबाझरी तलावाकाठी वीस मिनिटं चाल, बस. पळणं पोळ्यानंतर. तेव्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, म्हणजे चोवीस मिनिटं. दर आठवड्याला पळण्यात अर्धं मिनिट वाढव. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बहुतेक जण पहिल्याच दिवशी पोलीस भरती असल्यासारखे धावतात, चौथ्या दिवशी नडगी धरून बसतात.

उरलं जर्मन. खरा प्रश्न इथंच आहे, म्हणून इथं जरा थांबू.

तू लिहिलंस: "ए-१ झालं, सहा महिन्यांत बी-१ करायचं." ए-१ ही भाषेची पहिली पायरी, मग ए-२, बी-१, बी-२. आता हिशेब मांड. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन, शून्यापासून बी-१ पर्यंत पंचेचाळीस मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका धरतं. घड्याळी २६० ते ४९० तास झाले. मधला आकडा ३७५ घे. ए-१ मध्ये शंभरेक तास गेले असतील, उरले २७५. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. म्हणजे दर आठवड्याला साडेदहा तास, एकही आठवडा न चुकता. आठवड्याला सहा ड्युट्या करून, पाळ्या बदलत, घरचा स्वयंपाक बघून. हे जमलं नाही त्यात तुझा दोष कुठे? आकडाच खोटा होता.

अंदाज चुकण्यात तू एकटी नाहीस. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती, असंही विचारलं, त्यावर ४९. प्रत्यक्षात लागले ५५. आपण काम आठवतो तेव्हा त्यात पाहुणे, ताप, लाईट जाणं, मैत्रिणीची बदली ड्युटी हे काहीच आठवत नाही. म्हणून अंदाज करूच नकोस, मोज. पुढचे दोन आठवडे काहीही न वाढवता, सहज जमेल तेवढाच अभ्यास कर आणि रोजची मिनिटं वहीच्या मागच्या पानावर लिही. शून्य असेल तर शून्य लिही. समज, आठवड्याला पाच तास निघाले, तर २७५ तासांना ५५ आठवडे लागतील. त्यात सणवार आणि आजारपणाचे तीन महिने घाल. सव्वा वर्षाच्या वर जाईल. ऐकून वाईट वाटेल, पण खरी तारीख माहीत असलेला माणूस तिसऱ्या महिन्यात स्वतःला नापास म्हणत नाही.

त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर त्याच वहीत लिही, मला नको पाठवूस. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीचं नाव जास्तच ऐकू येतं. तुला जायचंय, की सगळ्या निघाल्यात म्हणून तू निघालीस? तिथं नर्स म्हणून मान्यता मिळवायला सहसा बी-२ लागतं, म्हणजे बी-१ हा मधला टप्पा आहे. एवढ्या लांबच्या वाटेवर दुसऱ्याच्या हौसेनं चालता येत नाही. उत्तर "जायचंय, कारण..." असं असेल तर कारण एका ओळीत लिही. "वहिनी म्हणते म्हणून" असं आलं, तर हे पत्र इथंच मिटलंस तरी चालेल, पैसे आणि वर्ष दोन्ही वाचतील.

आता वेळ. "रोज सकाळी सहाला अभ्यास" हा नियम ठरलेल्या वेळेच्या नोकरीवाल्यांचा. तुझ्या सकाळी सहाला कधी तू डबा भरत असतेस, कधी झोपलेली असतेस, कधी कुणाचं सलाईन बदलत असतेस. तुझ्यासाठी घड्याळ कामाचं नाही, आधीचं काम धर. पाळीप्रमाणे तीन वाक्यं लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटव. सकाळपाळी असेल तर: दुपारी झोपून उठले, चहा ठेवला, की चहा होईपर्यंत शब्दांची कार्डं आणि चहानंतर चाळीस मिनिटं पुस्तक. दुपारपाळी असेल तर: आंघोळ झाली की स्वयंपाकघरात जायच्या आधी चाळीस मिनिटं. एकदा स्वयंपाकघरात गेलीस की गेलीस. रात्रपाळी असेल तर: घरातून निघायच्या आधी दहा मिनिटं कार्डं, जाताना वाटेत फक्त ऐकणं. नवं व्याकरण नाही, आणि सकाळी आठला सुटल्यावर काहीही नाही, सरळ झोप. जागरणानंतर केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी परत करावा लागतो, आणि आपण मंद आहोत असा गैरसमज फुकटात पदरी पडतो.

या तीन वाक्यांत "प्रयत्न करीन" हे शब्द येऊ देऊ नकोस. "अमुक झालं की तमुक" एवढीच रचना ठेव. थकलेल्या डोक्याला निर्णय घ्यावा लागला की ते मोबाईल निवडतं.

आणि प्रत्येक पाळीला एक वाईट दिवसाचं माप ठरव. मृत्यू झाला वॉर्डात, घरी भांडण झालं, पाय सुजले, अशा दिवशी किती? पाच मिनिटं किंवा दहा कार्डं. याहून मोठं माप ठेवू नकोस. तुझा जीव लगेच वीसवर जाईल, कारण दहा म्हणजे लाज वाटते. पण हे माप शिकण्यासाठी नाहीच, दार उघडं राहावं म्हणून आहे. लोक जोश आल्यावर काम सुरू करायचं म्हणतात. बहुतेक दिवशी उलटं घडतं: पाचवं कार्ड उलटताना थोडी गोडी लागते, कधी त्यातून अर्धा तास निघतो, कधी नाही. नाही निघाला तरी त्या दिवसाचा हिशेब पूर्ण. प्रेरणेचे व्हिडिओ बघून चढलेला जोश गादीवरच उतरतो, त्यातली वीस मिनिटं कार्डांना दे.

दिवस चुकला तर? चुकणारच. एकवीस दिवसांत सवय लागते असं जे फिरतं, ते मनावर घेऊ नकोस. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. आणि एखादा दिवस हुकल्यानं फारसा फरक पडला नव्हता. नुकसान होतं ते हुकल्यानंतरच्या विचारानं: "आता मोडलंच, तर सोमवारपासून नव्यानं." बुधवारी मोडलेलं गुरुवारी दहा कार्डांनी जोड. सोमवारची वाट बघायची नाही. हुकलेलं भरून काढायला दुप्पट बसायचंही नाही, त्यानं शुक्रवारही जातो.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती तीन-चार महिन्यांनी येईल. ए-१ ला मराठी माणसाला बरं जातं. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, गौण वाक्यात क्रियापद शेवटी टाकणं तर आपला घरचा कारभार. (लिंगं जुळत मात्र नाहीत. सूर्य आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती. चंद्र दोन्हीकडे तो. आणि मुलगी त्यांच्याकडे चक्क ते!) मग ए-२ मध्ये विभक्ती आणि विशेषणांचे प्रत्यय सुरू होतात आणि गाडी चिखलात रुतल्यासारखी वाटते. रुतलेली नसते. ए-१ ला साधारण ६५० शब्द लागतात, बी-१ ला २४००. पहिले शंभर शब्द आल्यावर जग बदलल्यासारखं वाटतं, हजारानंतरचे शंभर आले तरी कळत नाही. बहुतेक जणी इथंच सोडतात, आळसानं नव्हे, पुरावा दिसत नाही म्हणून. तो पुरावा तू तयार कर. दर महिन्याच्या एक तारखेला "माझा वॉर्ड" या एकाच विषयावर दोन मिनिटं जर्मन बोलून फोनवर रेकॉर्ड कर, ऐकू नकोस, ठेवून दे. तीन महिन्यांनी पहिलं आणि चौथं पाठोपाठ ऐक.

परीक्षेची भीतीही जरा उतरव. बी-१ चे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आहेत, प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत, आणि भाग वेगवेगळे देता येतात. एकात अडलीस तर तेवढाच परत. सराव परीक्षेत चारही भागांत पासष्ट यायला लागले की फॉर्म भर. आधी तारीख घेऊन स्वतःला जुंपायचा सल्ला पुष्कळ जण देतील. पाळ्या स्वतःच्या हातात नसणाऱ्यांसाठी तो वाईट सल्ला आहे.

कुणाला सांगायचं? स्टेटसला टाकू नकोस. अभिनंदनं आधीच मिळाली की काम झाल्यासारखं वाटतं. एकच मैत्रीण निवड, जी तुला ओरडणार नाही आणि कीवही करणार नाही. तिला दर रविवारी रात्री एक आकडा पाठवायचा: या आठवड्याचे तास. सोबत कारणं नाहीत. रविवारचे तर्री पोहे मात्र आकड्याला बांधू नकोस, तास कमी भरले तरी खा. जेवणाची शिक्षा केली की अभ्यासाचाच राग येतो.

दोन आठवड्यांची मिनिटं झाली की त्या पानाचा फोटो पाठव, तारीख मग ठरवू.

तुझी,
ताई

ता. क. आंकी ॲपवर कार्डं करतेस असं लिहिलंस, मग हे आजच बघ. त्यात रोजच्या नव्या कार्डांचा आकडा मुळातच २० असतो. रोजची उजळणी साधारण त्याच्या सात ते दहापट होते, म्हणजे महिन्याभरात दिवसाला दीडशेच्या वर. चार रात्रपाळ्या हुकल्या की सहाशेचा ढीग. तू ॲप उघडायचं का बंद केलंस ते यावरून कळतं. नवी कार्डं सध्या ० कर, जुना ढीग रोज पन्नास-पन्नासनं उपस, डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, पुसू नकोस. ढीग संपला की नवी ७ ठेव. बी-१ साठी उरलेले सतराशे-साडेसतराशे शब्द त्या गतीनं अडीचशे दिवसांत होतात, आणि सव्वा वर्षात तेवढे दिवस तुला सहज मिळतील.