वाचकांचे प्रश्न : उन्हाळाभर युरोपात काम, शनिवार-रविवारी भटकंती

उन्हाळी इंटर्नशिपसाठी युरोपात जाणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रे या वेळी बरीच आली. बहुतेक प्रश्न जर्मनीबद्दल आहेत, म्हणून उत्तरेही मुख्यतः जर्मनीला आणि तिच्या शेजाऱ्यांना धरून दिली आहेत.

प्रश्न : मी बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सहाव्या सेमिस्टरला आहे. जर्मनीतल्या एका कंपनीने १५ मे ते १५ ऑगस्ट अशी पगारी इंटर्नशिप देऊ केली आहे. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, तर ९० दिवसांच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसावर) भागेल, असे मित्र म्हणतात. शेवटी पंधरा दिवस फिरायचेही आहे. – विद्यार्थी, खानापूर

आधी दिवस मोजा. मेचे १७, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे १५ : एकूण ९३. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. म्हणजे ‘तीन महिने’ इथेच ९० च्या पलीकडे गेले. फिरण्याचे पंधरा दिवस मिळवले की १०८ होतात. तुम्हाला लांब मुदतीचा, म्हणजे ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसाच लागेल. त्याची फी ७५ युरो आहे, तर शेंगेनची ९०.

काम ९० दिवसांत बसत असते, तरी पर्यटनाच्या व्हिसावर इंटर्नशिप चाललीच नसती. पगार असो वा नसो, अर्जात खरा हेतूच लिहायचा. ‘फिरायला जातोय म्हणून सांग, कोण बघतंय’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बॅगेतले कंपनीचे पत्र पाहिले की मुलाला तिथूनच परत पाठवता येते, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

शिक्षणाशी संबंधित इंटर्नशिपसाठी जर्मनीच्या रोजगार खात्याच्या झेडएव्ही या विभागाची संमती लागते. ती कंपनीने तिथून आधीच घेतली तर इथले काम पुष्कळ हलके होते, म्हणून करारावर सही करतानाच कंपनीला हे विचारा. तुमची किमान चार सेमिस्टर पूर्ण असली पाहिजेत आणि काम तुमच्या शाखेशी जुळले पाहिजे. प्राचार्यांच्या पत्रात सध्याचे सेमिस्टर, पदवी कधी पूर्ण होणार आणि ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाशी कशी जोडलेली आहे, या तिन्ही गोष्टी स्पष्ट हव्यात. नुसते बोनाफाईड पुरत नाही.

फिरण्याचे दिवस अर्जातल्या प्रवासाच्या तारखांतच घाला आणि तेवढ्या दिवसांचा विमा व खर्चाचा पुरावा जोडा. व्हिसा सहसा कराराच्या तारखा पाहून देतात. तो १६ ऑगस्टला संपत असेल तर १७ तारखेला प्रागमध्ये असणे म्हणजे बेकायदा मुक्काम. जादा दिवस मिळाले नाहीत, तर कंपनीकडे मधल्या काळात चार-पाच दिवसांची रजा मागणे हाच सरळ मार्ग आहे. डी व्हिसावर इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते आणि जर्मनीतले दिवस त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे शनिवार-रविवारच्या सहलींना दिवस कमी पडायची भीती नाही.

आणखी एक गोष्ट मुले हमखास विसरतात. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) सम सेमिस्टरच्या परीक्षांवर ‘जून/जुलै’ असे छापलेले असते, आणि १५ मेला तुम्ही जर्मनीत असाल. कॉलेज स्वायत्त असेल तर वेळापत्रक वेगळे असते. ते हातात आल्याशिवाय करारावर तारीख टाकू नका. कंपन्या सुरुवात दोन-चार आठवडे पुढे ढकलायला बहुधा तयार असतात, पण हे मार्चमध्ये विचारले तर. मेमध्ये विचारून उपयोग नाही.

प्रश्न : घर निपाणीत, कॉलेज कोल्हापुरात. व्हिसासाठी मुंबईला जायचे की बेंगळुरूला? शिवाय मार्क्सकार्डावर माझ्या नावाची नुसती आद्याक्षरे आहेत. – वाचक, निपाणी

जर्मन राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज राहण्याच्या ठिकाणावरून ठरतो. कर्नाटक बेंगळुरूच्या वकिलातीकडे येते, महाराष्ट्र मुंबईच्या. आधार, पासपोर्ट, घरचा पत्ता सगळे निपाणीचे असेल तर बेंगळुरूच धरा. कोल्हापूर जवळ आणि मुंबईची गाडी सोयीची, एवढ्यावर मुंबईची अपॉइंटमेंट घेतली तर केंद्रावरून परत फिरावे लागते. कोल्हापुरातल्या वास्तव्यावर मुंबईत अर्ज करायचा असेल, तर तिथल्या वसतिगृहाचा किंवा भाडेकराराचा लेखी पुरावा हाताशी हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतःच जावे लागते. बेळगावहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बेंगळुरूत पोचवते, पण अपॉइंटमेंट त्याच सकाळी पहिल्या वेळेची घेऊ नका. गाडीला उशीर झाला तर अपॉइंटमेंट हातची जाते.

नावाचे दुखणे आपल्या भागात जास्त, कारण एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर ‘एस. आर. पाटील’ आणि पासपोर्टवर पूर्ण नाव असे सर्रास दिसते. पासपोर्टवरचे नाव हे प्रमाण मानून चला. करार, विमा, तिकीट, कॉलेजचे पत्र, सगळ्यांवर अक्षरन् अक्षर तेच हवे. कॉलेजच्या पत्रातच ‘मार्क्सकार्डावरील अमुक आणि पासपोर्टवरील तमुक ही एकच व्यक्ती’ असे एक वाक्य घालून घ्या आणि नोटरीचे प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्जाच्या आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा, असे आमचे मत आहे. विमान कंपनी आणि बँक या दोन्ही ठिकाणी तो रिकामा रकाना त्रास देतो.

जन्मस्थान पासपोर्टवर असेल तसेच लिहा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे नाव बेळगावी झाले. त्याआधीच्या कागदांवर जुने स्पेलिंग असणारच आणि त्याने अडत नाही. अडते ते एकाच अर्जात दोन्ही स्पेलिंगे मिसळल्यावर. फक्त कन्नडमध्ये किंवा फक्त मराठीत असलेल्या दाखल्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

प्रश्न : तीन-चार महिन्यांसाठी खोली इथूनच ठरवायची का? ऑनलाइन एकाने दोन महिन्यांचे डिपॉझिट आधी मागितले आहे. – पालक, टिळकवाडी, बेळगाव

पैसे पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे आले की चावी कुरिअर करतो’ ही तिथली जुनी फसवणूक आहे आणि उन्हाळ्यात तिला ऊत येतो. आधी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला विचारा. त्यानंतर विद्यापीठांच्या वसतिगृहांतल्या खोल्या पाहा. सुट्टीत घरी जाणारी मुले आपली खोली तेवढ्या महिन्यांपुरती दुसऱ्याला देतात, त्याला तिकडे ‘त्स्विशनमिटं’ म्हणतात. तुमच्यासाठी हाच सगळ्यांत स्वस्त पर्याय. मात्र मूळ घरमालकाची लेखी परवानगी आहे ना, हे विचारा. खोली व्हिडिओ कॉलवर पाहा आणि कॅमेरा खिडकीबाहेर, जिन्यात, दारावरच्या नावाच्या पाटीकडे फिरवायला सांगा. फसवणारा इथेच गडबडतो.

मुक्काम तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला घरमालकाच्या सहीचा एक ठरावीक फॉर्म लागतो. तो देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. नोंदणीनंतर घरी रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र येते, महिना १८.३६ युरो. हे शुल्क घरामागे एकच असते. घरातले कुणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक कळवून मोकळे व्हा. पत्र केराच्या टोपलीत टाकले तर दंड वाढत जातो. निघताना नोंदणी रद्द करायला विसरू नका.

प्रश्न : मुलगा म्युनिकला राहणार आहे. दर शनिवार-रविवारी फिरायचे म्हणतो. रेल्वेचा खर्च आवाक्यात कसा ठेवायचा? – पालक, चिकोडी

‘डॉइचलँड तिकीट’ घ्या. २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरोंना आहे आणि त्यावर देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, शहर बस हे सगळे चालते. कामावर जाण्या-येण्याचा खर्चही त्यातच निघतो. आयसीई, आयसी या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. त्यामुळे रेल्वेच्या ॲपमध्ये शोधताना फक्त प्रादेशिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आधी सुरू करावा. दुसरी गोम अशी की हे मासिक वर्गणीसारखे आहे. ज्या महिन्यात थांबवायचे त्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ऑगस्टच्या मध्याला परतणाऱ्याने १० ऑगस्टच्या आत रद्द करावे. बरेच विक्रेते युरोपीय बँक खात्यातूनच पैसे घेतात, काही कार्डही घेतात. भारतीय कार्ड चालेल का, हे घेण्याआधी पाहून ठेवा.

म्युनिकहून या तिकिटावर न्यूर्नबर्ग, रेगेन्सबुर्ग आणि नॉयश्वानस्टाइन किल्ल्यासाठी फ्यूसेन गाठता येते. ऑस्ट्रियातले साल्झबुर्गसुद्धा गाठता येते, कारण हे तिकीट तिथल्या मुख्य स्थानकापर्यंत धरले जाते. गाडी सुमारे दोन तास घेते. किल्ल्याच्या तिकिटावर आत जाण्याची वेळ छापलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये आयत्या वेळी जागा मिळत नाही, म्हणून ते आधी ऑनलाइन घ्यावे. खालच्या गावातून किल्ल्यापर्यंतची चढण अर्ध्या तासाहून जास्त आहे, हेही वेळेत धरा.

नवखा माणूस कुठे चुकतो ते सांगतो. म्युनिकहून टेगर्नझे तलावाकडे जाणारी गाडी वाटेत तोडतात : पुढचे डबे एका गावाला, मधले दुसऱ्या, मागचे तिसऱ्या. फलाट बरोबर, गाडीही बरोबर, पण डबा चुकला की भलत्याच डोंगरात उतरायचे. चढताना डब्याच्या दारावरच्या पाटीवर शेवटच्या स्थानकाचे नाव वाचावे. उन्हाळ्यात रुळांची कामेही निघतात. तेव्हा गाडीऐवजी बदली बस असते आणि ती बहुतेक वेळा स्थानकाच्या बाहेरून सुटते. ॲपमध्ये ‘एसईव्ही’ दिसले की प्रवासाचा अंदाज तासाभराने वाढवा. गाडी बदलायला पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ ठेवू नका, आणि रविवारी रात्रीची शेवटची गाडी हा आपला बेत कधीच नसावा. तिच्या आधीची धरा.

बर्लिनसारख्या लांबच्या ठिकाणी सवलतीचे तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते, पण ते त्याच एका गाडीला बांधलेले असते. शेवटच्या स्थानकावर २० मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले की हे बंधन सुटते आणि दुसरी गाडी धरता येते. पोचायला ६० मिनिटे उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटे झाला तर ५० टक्के मागता येतात. उशिराचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

पासपोर्ट आणि व्हिसा मूळच सोबत हवेत. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. साल्झबुर्गहून परतताना पोलिस डब्यात येतात, आणि मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही.

प्रश्न : एका रविवारी लंडन आणि एका रविवारी झुरिक जमेल का? – विद्यार्थिनी, शहापूर, बेळगाव

झुरिक जमेल. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे. पण तिथे चलन फ्रँक, आणि तुमच्या जर्मन सिमचे मोफत रोमिंग युरोपीय संघापुरते. स्वित्झर्लंडची सोय योजनेत वेगळी लिहिलेली नसेल तर सीमेआधी मोबाईल डेटा बंद करा. नाहीतर दोन तास नकाशा पाहिल्याचे बिल प्रवासभाड्याहून मोठे येऊ शकते.

लंडनला ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो. जर्मन व्हिसा तिथे कामाचा नाही. पॅरिसहून युरोस्टारने जायचे तर ब्रिटनची तपासणी पॅरिसच्या स्थानकावरच होते आणि माणूस तिथूनच मागे फिरतो. आयर्लंड आणि सायप्रसही शेंगेनबाहेर आहेत. कुणाचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर या देशांत पाऊल टाकल्यावर परतीचे दार बंद होते. क्रोएशिया मात्र २०२३ पासून आणि रोमानिया-बल्गेरिया २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत.

स्वस्त विमानाच्या तिकिटावरचे विमानतळाचे नाव नीट वाचा. ‘पॅरिस बोव्हे’ शहरापासून सुमारे ८० किलोमीटर, ‘म्युनिक वेस्ट’ म्हणून विकले जाणारे मेमिंगेन सुमारे ११० किलोमीटर. मोफत बॅगेची मर्यादा पुष्कळ कंपन्यांत ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि ती फाटकावर खरोखर मोजतात.

प्रश्न : मुलीसोबत कुंदा, तूप, कढीपत्ता द्यायचा आहे. चालेल ना? – आई, अनगोळ

तूप आणि कढीपत्ता नको. मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि ताज्या पानांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. कुंदा म्हणजे जवळजवळ सगळे दूधच, तोही काढून घेतील. चटणी पूड, मेतकूट, भडंग, गूळ, डाळी, मसाले खुशाल द्या. शक्यतो दुकानाच्या बंद पाकिटात आणि इंग्रजी लेबलासह द्या, म्हणजे पिशवीत काय आहे हे अधिकाऱ्याला समजावत बसावे लागत नाही. तेलाचे लोणचे हातातल्या बॅगेत नको, ते तपासायच्या सामानात दुहेरी पिशवीत बांधा.

आणि तिला सांगून ठेवा : रविवारी जर्मनीत किराणा दुकाने बंद असतात. सहलीहून रविवारी रात्री परतल्यावर खोलीत काहीच नसते, म्हणून भाजी-दूध शुक्रवारी कामावरून येतानाच घेऊन ठेवावे. अगदीच अडले तर मोठ्या रेल्वे स्थानकातले दुकान उघडे असते.