दुर्बीण दुकानात नाही, पहाटे पारख

८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमी) घेतलीस ते छान केलंस. पण दुकानाच्या दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात, म्हणून बदलून मिळायची मुदत आहे तोवर पहाटे बाहेर काढ. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट कर, मग डावी बाजू झाकून उजव्या डोळ्याला स्पष्ट दिसेपर्यंत त्याच्याजवळची कडी फिरव. आता पांढुरक्या आभाळासमोर तारेवर बसलेला कावळा बघ. त्याच्याभोवती जांभळी-हिरवी झालर किती दिसते? जितकी कमी तितकी भिंगं चांगली. चित्र कडेला थोडं धूसर चालेल, मधोमध मात्र लख्खच हवं. पाच मिनिटांत डोळे ताणले, डोकं जड झालं, तर दोन्ही नळ्या बहुधा एका रेषेत नाहीत; तडजोड करू नकोस, बदलून घे. आणि अर्धा तास गळ्यात घालून चाल. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघताना वजनाने माझी मान आखडली होती.